घोड्याचा मसाला

आमच्या घरात भित्री म्हणून मी प्रसिद्ध आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, मला लहानपणापासून एकच ऐकवत आले: "भित्यापाठी ब्रह्मराक्षस गो. तू घाबरत बसतेस म्हणून तो येतो." येऊ दे आला तर. मी निदान दाराला कडी लावून बसलेली असते. त्यांचं दार सताड उघडं.

आई गेली त्या वर्षी मात्र हे उलटं झालं. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. जेवायला हाक मारली तर यायचे, दोन घास चिवडायचे आणि परत जाऊन पडायचे. विजेच्या खात्यात सगळी नोकरी खांबांवर चढून काढलेला माणूस, घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागला. मी सकाळी कंपनीच्या बसने हेब्बाळला कारखान्यात जायची, तिथल्या हिशेबांच्या विभागात मान मोडून बसायची, आणि संध्याकाळी घराच्या वळणावर आले की थांबायची. दार उघडल्यावर काय दिसेल, या विचाराने कुलपात किल्ली जायची नाही. हे कोणाला सांगणार? लग्न केलं नव्हतं, भावंड नव्हतं. घरात आम्ही दोघंच.

मग पलीकडच्या गल्लीतल्या बाईंनी एक कुत्रीचं पिल्लू आणून दिलं. गावठीच. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला. मी म्हटलं, नको, आधीच एकाची काळजी पुरत नाही का. पण अप्पा उठून बसले होते. त्यांनी तिला उचलून पोट बघितलं, दात बघितले, पायांची नखं दाबून बघितली आणि म्हणाले, "जंत आहेत. ठीक करू." कित्येक महिन्यांनी त्यांनी पुरं वाक्य बोललेलं मी ऐकलं. तिथेच माझा विरोध संपला. तिचं नाव काहीतरी झोकात ठेवायचं माझ्या मनात होतं, पण ते तिला "पोरी" म्हणायला लागले आणि तेच राहिलं. मलाही ते पोरीच म्हणतात, त्यामुळे हाक आली की आम्ही दोघी जायचो.

तिच्यासाठी ते पहाटे उठायला लागले. तिच्यामागे चालून त्यांचे पाय सुटले. तिला खायला घातल्याशिवाय ते जेवायचे नाहीत, म्हणजे तिच्या निमित्ताने का होईना, वेळेवर जेवायला लागले. एवढं मला समजत होतं: ही कुत्री आहे तोवर अप्पा आहेत. तिला काही झालं तर भिंत आहेच तिथे. म्हणून मी तिला जपायचा चंगच बांधला. पिल्लाच्या लशी, रेबीजचं दरवर्षीचं इंजेक्शन, तीन महिन्यांनी जंतांची गोळी, मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध. फ्रिजवर कार्ड, कॅलेंडरवर खुणा. तारीख जवळ आली की मला झोप नाही. अप्पा हसायचे. "सरकारी ऑडिट आलं बघ पोरी," तिला सांगायचे. पण इंजेक्शनला स्वतः घेऊन जायचे, तिचं डोकं काखेत धरून उभे राहायचे. त्याला त्यांचा नकार कधीच नव्हता.

त्यांची स्वतःची एक तऱ्हा होती, एवढंच. आमचे पूर्वज इकडच्या राजांच्या घोडदळात होते. मराठी मुलूख सोडून किती पिढ्या झाल्या देव जाणे. घरात बोलतो ती मराठी अशी की पुण्याहून कोणी आलं तर अर्धं वाक्य कन्नडात गेलं म्हणून तोंडाकडे बघत राहतं. घोडे गेले, पागा गेली, तलवार कुठल्या काकाने विकली. उरला तो घोड्याचा मसाला. अप्पा स्वतः जन्मात घोड्यावर बसलेले नाहीत, पण आजोबांनी त्यांना तो शिकवला होता आणि आजोबांना त्यांच्या बापाने. लसूण, कांदा, मिरी, ओवा, सुंठ, हळद, थोडा गूळ, थोडं तूप. पाट्यावर वाटायचं, गोळा करायचा आणि जनावराच्या तोंडात घालायचा. घोड्याला पोटशूळ होत नाही, जंत होत नाहीत, माशी बसत नाही, असं म्हणायचे. आजार आल्यावर वैद्य शोधण्यापेक्षा तो येऊच देऊ नये, हे आमच्या घराण्याचं शहाणपण. आमच्या नात्यात ज्यांच्याकडे गाय होती त्यांनी गाईला दिला, ज्यांच्याकडे बकरी होती त्यांनी बकरीला. अप्पांकडे कुत्री आली. दर रविवारी, खंडोबाच्या वारी, तिला बोराएवढी गोळी मिळायची.

मला तो वास आवडायचा नाही, पण मनातून बरंच वाटायचं. माझ्या औषधांच्या जोडीला त्यांचंही एक. दोन कुलपं कधीही बरी, असं माझं गणित.

त्या पावसाळ्यात आमच्या भागात कुत्री मरायला लागली. गोचीडताप, लोक म्हणायचे. आधी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा काळा कुत्रा गेला. मग समोरच्या घरातला, चांगला दूध-अंडी खाणारा, पट्टा-बिट्टा घातलेला. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी कुत्राच नाही. त्या घरातली मुलं फाटकात बसून रडत होती आणि मी बसमधून उतरून त्यांच्याशी न बोलता सरळ घरात पळाले, आणि पोरीच्या कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड शोधत बसले. एकही नव्हता. तरी पुन्हा पहिल्यापासून शोधलं. दुसऱ्या दिवशी मी गोचिडांचं नवं औषध आणलं आणि फिनेल टाकून अंगण धुतलं. अप्पाही घाबरले होते, पण ते तसं बोलत नाहीत. ते छत्री घेऊन मंडी मोहल्ल्यात गेले, ग्रंधिगे अंगडीत, म्हणजे काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात, आणि मिरी-सुंठ-ओवा घेऊन आले. भाजीबाजारातून लसणाची मोठी जुडी. म्हणाले, "आता रविवारची वाट बघून चालायचं नाही. रोज देऊ."

मी काय म्हणणार? मला हायसं वाटलं.

मी सकाळी कारखान्यात गेल्यावर ते पाटा मांडायचे. गोळी बोराएवढी होती ती आवळ्याएवढी झाली. पोरी नाक मुरडायची, पण त्यांच्या हातचं नाकारायची नाही. तीही घोडदळातलीच रीत. जनावराला मालकाच्या तळहातावरून घास द्यायचा आणि परक्याच्या हातचं घेऊ द्यायचं नाही, कारण परका चाऱ्यात काय कालवेल याचा भरवसा नाही. अप्पांनी तिला पिल्लू असल्यापासून तसंच शिकवलं होतं. शेजाऱ्यांनी बिस्किट टाकलं तर ती वास घेऊन मागे सरायची आणि अप्पांची छाती फुगायची. माझ्या हातचं घ्यायची, पण अप्पा शेजारी उभे असले तरच.

एका सकाळी ती उठलीच नाही. मी चहा ठेवत होते. अप्पांनी अंगणातून हाक मारली, "पोरी", आणि मी गेले, ती नाही आली. ती पोत्यावर आडवी पडून धापा टाकत होती. शेपटी हलवली, पण फक्त टोक. अप्पांनी तिला उचलून मातीवर उभं केलं तशी ती तिथेच मुतली आणि मी बघितलं, तर लघवी कॉफीच्या डिकॉक्शनसारखी काळपट. मी तिचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी असतात तिच्या, मी दर आठवड्याला बघते. त्या दिवशी भिंतीच्या चुन्यासारख्या पांढऱ्या.

गोचीडतापात हेच होतं, समोरच्या घरातल्यांनी सांगितलं होतं: लघवी काळी, हिरड्या पांढऱ्या. मी अप्पांकडे बघायचं टाळलं. त्यांनी आधीच तिला धोतराच्या पानात गुंडाळलं होतं. रिक्षात ती त्यांच्या मांडीवर होती आणि ते तिच्या कानात सारखं एकच म्हणत होते, "काय नाही होत गो. मसाला चालू आहे ना आपला."

प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर बाई तरुण होती. वर्षातून एकदा तपासणीला आम्ही तिच्याचकडे जायचो. नेहमी अप्पांशी गप्पा मारणारी, त्या दिवशी सरळ तपासायला लागली. ताप बघितला, पोट दाबलं, रक्त घेतलं. रक्त पातळ, पाण्यात शेंदूर कालवल्यासारखं. म्हणाली, गोचीडतापच वाटतो, पण काचेवर बघते आणि मग औषध देते, जरा थांबा. आम्ही बाकावर थांबलो. भिंतीवर हसऱ्या कुत्र्यांची चित्रं होती, वेळेवर लस द्या, आयुष्य वाढवा. मी ती पुन्हा पुन्हा वाचत होते. सगळं वेळेवर केलं होतं हो. काय चुकलं, हे मी त्या चित्रांनाच विचारत होते. अप्पांनी तिच्या छातीवर हात ठेवला होता आणि ते डोळे मिटून होते. ते देवाचं नाव घेत होते की तिच्या छातीचे ठोके बघत होते, मला कळलं नाही.

डॉक्टर बाईंनी फक्त मला आत बोलावलं. आईच्या वेळीही डॉक्टरांनी फक्त मलाच आत बोलावलं होतं.

"गोचीडताप नाही," ती म्हणाली. "जंतू दिसत नाहीत. पण रक्ताच्या पेशी फुटतायत, आणि ज्या आहेत त्यांच्यावर गाठीसारखे ठिपके आहेत." मग तिने हळूच विचारलं, "ईरुळ्ळी, बेळ्ळुळ्ळी एनादरू कोडतीरा?" कांदा, लसूण असं काही देता काय.

मी सांगितलं. रोज, म्हटलं. आवळ्याएवढा गोळा. आवळ्याएवढा म्हणताना मी बोटं जुळवून दाखवली आणि तिचा चेहरा बदलला. तिने मला समजावून सांगितलं की कांदा-लसूण माणसाला औषध असेल, कुत्र्याच्या रक्ताला विष आहे. कधीतरी कणभर पोटात गेलं तर शरीर सोसतं. रोज गेलं की पेशी मरत जातात आणि बाहेर काही दिसत नाही, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. आता कांदा-लसूण बंद, सलाइन चालू, आणि तिने खाल्लं पाहिजे, नवं रक्त खाण्यातूनच तयार होईल. यापेक्षा खाली गेलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल. मी विचारलं, वाचेल ना. ती म्हणाली, "दोन-तीन दिवस बघू." डॉक्टर लोक हे वाक्य कुठे शिकतात कोण जाणे.

मी बाहेर आले तेव्हा अप्पांनी वर बघितलं. मी म्हटलं, रक्त कमी झालंय, सलाइन लावतात, संध्याकाळी घरी नेऊ. तेवढंच म्हटलं.

सलाइन चालू असेपर्यंत मी खिडकीत उभी राहून विचार करत होते. खोटं बोलायचं सुचलं नाही असं नाही. गोचीडतापच आहे म्हणायचं, डॉक्टरांनी उष्ण पदार्थ बंद सांगितलेत म्हणायचं. ते ऐकतील, बरी होईपर्यंत लसूण ठेवून देतील. पण बरी झाल्यावर? पुढच्या पावसाळ्यात? मी सकाळी गेले की संध्याकाळीच येणार, मधे अप्पा, पोरी आणि पाटा. शिवाय आमच्या गल्लीत कोणी कुत्रं पाळलं की अप्पा स्वतः जाऊन मसाला सांगून येतात. आणि खरं सांगितलं आणि ती गेली, तर? आपल्याच हाताने गेली, हे कळून जो माणूस भिंतीकडे वळेल तो परत वळायचा नाही. मी नेहमी पुढच्या संकटाला घाबरते, त्या दिवशी दोन्ही बाजूंना संकट होतं आणि मला दोन्ही स्पष्ट दिसत होती. तिला घरी आणेपर्यंत माझं काहीच ठरलं नव्हतं.

ठरवायला वेळही मिळाला नाही. तिला पोत्यावर निजवून मी पाणी आणायला गेले आणि आले तर अप्पा पाटा घेऊन बसलेले. पुढ्यात सोललेल्या लसणाचा ढीग.

"रक्त कमी झालंय ना," ते म्हणाले, "आजपासून दोनदा देऊ."

"अप्पा, तो लसूण ठेवा खाली."

"का गो?"

"ठेवा म्हणते ना."

माझा आवाज चढला असणार, कारण त्यांनी ठेवला. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. जसं डॉक्टर बाईंनी सांगितलं तसंच, काही न गाळता. आधी ते हसले. "सुम्ने, उगाच काय तरी बोलते ती. परवा पास झालेली पोर. अगो, घोडे जगले याच्यावर." मी म्हटलं, घोड्याला खायला किती लागतं आणि घोडा केवढा, आणि ही केवढी. घोड्यांनाही ते मानवत होतं की नाही, कोणी रक्त तपासून बघितलं होतं? ते म्हणाले, आजोबांनी. मग त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. ते पोरीकडे बघत राहिले. ती डोळे अर्धे मिटून धापा टाकत होती.

"परक्याच्या हातचं घेऊ नको म्हणून शिकवलं तिला," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "जाईल काय ती?"

"नाही," मी म्हटलं. डॉक्टर तसं म्हणाली नव्हती. मी माझ्या जबाबदारीवर म्हटलं.

त्यांनी पाटा उचलून अंगणात नेऊन उभा केला, लसूण केराच्या बादलीत टाकला, साबणाने हात धुतले आणि आपल्या खोलीत जाऊन पडले. भिंतीकडे तोंड करून. ज्याला मी इतकी वर्षं घाबरत होते ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि मला रडूही आलं नाही, राग आला. इतका राग की मी ताटल्या आपटत भात लावला.

मऊ भात, उकडलेलं अंडं, थोडी उकडलेली कलेजी. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं तेच. मी तळहातावर घेऊन पोरीच्या तोंडापुढे धरलं. तिने वास घेतला आणि तोंड वळवलं. मी बोटाने ओठाला लावलं, तिने चाटलंही नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे, खोलीच्या दाराकडे. रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सलाइन, परत डॉक्टर बाईंचं तेच, खाल्लं पाहिजे. मी रजा काढली होती. मी भात बदलून बघितला, दूध दिलं, चमच्याने दिलं, जबडा उघडून घातलं तर तिने बाहेर ढकललं. हिरड्या अजून पांढऱ्याच. उठताना मागचे पाय फाकायला लागले. मला दिसत होतं, ती आमच्या घराण्याचा नियम पाळत उपाशी मरणार होती.

मी खोलीत गेले. अप्पा जागेच होते.

"उठा," मी म्हटलं. "ती माझ्या हातचं खात नाही."

"खाईल. भूक लागली की खाईल."

"नाही खाणार. तुम्हीच शिकवलंय."

"माझ्या हाताला सांगू नको गो. माझा हात नको तिला."

"तिला हवाय. तुम्हाला नकोय." मग माझं तोंड सुटलं ते सुटलंच. आई गेली तेव्हाही तुम्ही असेच पडलात, म्हटलं. मी रोज त्या वळणावर येऊन मरत होते, तुम्हाला पत्ता तरी आहे? तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही. ती गेली तर कांद्या-लसणाने जाणार नाही, तुम्ही इथे पडून राहिलात म्हणून जाईल, आणि मग मी तुम्हाला जेवायला हाक मारायला येणार नाही. असं बापाला कोणी बोलतं का? मी बोलले. मला इतकी भीती वाटत होती की दुसरं काही उरलं नव्हतं.

ते उठले. भिंत धरून आले. पोरीजवळ बसले तशी तिने मान उचलली. मी ताटली पुढे केली. त्यांनी ती नाकाला लावून हुंगली आणि मला विचारलं, "यात काय आहे?"

"भात. अंडं. कलेजी."

"मीठ?"

"नाही."

"हळद?"

"नाही घातली."

त्यांनी एक घास तळहातावर घेतला. तो हात तिच्या तोंडापर्यंत न्यायला त्यांना फार वेळ लागला. पोरीने वाट बघितली नाही, तिने मान लांब करून मधेच गाठला. आधी चाटला, मग खाल्लं. ताटली संपली नाही, पण अर्धी झाली. अप्पा रडत होते आणि ती त्यांची बोटं चाटून साफ करत होती.

वाचली ती. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त लागलं नाही. लघवी आधी चहासारखी झाली, मग साधी. हिरड्यांना रंग यायला कित्येक आठवडे गेले. मी रोज ओठ वर करून बघायची आणि ती कंटाळून बघू द्यायची. पाऊस संपेपर्यंत ती फाटकापर्यंत भुंकत जायला लागली. अप्पांनी गल्लीत ज्या ज्या घरी मसाला सांगितला होता त्या त्या घरी जाऊन, तो देऊ नका, म्हणून सांगितलं. का, ते विचारलं तर तेही सांगितलं. त्यांच्या जागी मी असते तर मला जमलं नसतं. वर्षाची तपासणी आता सहा महिन्यांनी होते, तीही त्यांच्याच हट्टाने. डॉक्टर बाई म्हणते, इतकी गरज नाही. ते म्हणतात, "बघा एकदा, तुमचं काय जातं."

मला वाटलं, आता माझी भीती संपली. घाबरायला जोडीदार मिळाला म्हणून मी मनात जरा खूशही होते. ते तिला काहीही देण्याआधी मला विचारायला लागले. पोळीचा तुकडा हातात धरून, "हे चालेल काय?" केळं, "हे?" मी "द्या" म्हणेपर्यंत हात तसाच अधांतरी, आणि खाली ती बसलेली, घास का थांबला ते न कळून. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हळूहळू सुटेल, असं मला वाटायचं. मी कारखान्यात जाताना तिचं दुपारचं जेवण झाकून ठेवायची आणि सांगून जायची, हे एवढं, एक वाजता.

आमच्या कारखान्यात फोन आत नेता येत नाही, फाटकावर ठेवावा लागतो. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस संध्याकाळी फोन हातात घेतला तर अप्पांचे कॉल. खाली खाली सरकवत गेले तरी अप्पाच. मी उलट फोन लावला, लागला नाही. बसमध्ये मी काय केलं मला आठवत नाही. शेजारची मुलगी पाण्याची बाटली पुढे करत होती एवढं आठवतं. वळण आलं. मी धावत गेले. दार उघडंच होतं.

पोरी उंबऱ्यात बसली होती. मला बघून उठली, शेपटी हलवली. मी तिथेच तिच्या हिरड्या बघितल्या. गुलाबी. मग आत बघितलं. अप्पा स्वयंपाकघरात, जमिनीवर, पाय पसरून बसलेले. शेजारी फोन, चार्जिंग संपलेला. ओट्यावर तिचा भात, मुंग्यांनी काळा झालेला. गॅसवर पातेल्यात दुसरा भात, शिजून गार झालेला. त्यांचं स्वतःचं ताट पालथंच.

"काय झालं, अप्पा? जेवला नाहीत?"

"तिच्या भाताला मुंग्या लागल्या गो. मग मी दुसरा लावला." त्यांचे ओठ सुकले होते. ओवा कशाला, सुंठ कशाला, कुठल्या पानाने काय बरं होतं, हे ज्यांना गल्लीतली माणसं विचारायला यायची, ते माझे वडील माझ्याकडे बघत होते. "हळद घालायची की नाही, ते मला आठवेना. विचारायला कोणी नव्हतं."

मी भात बघितला. पांढराच होता, त्यात काही नव्हतं. मी म्हटलं, द्या, चालतो. ते उठले नाहीत. म्हणाले, "तू चाखून बघ आधी."